ऑईलची टाकीच नाही त्या गाडीत दोन लिटर ऑईल

४१,३०० रुपयांच्या त्या बिलात चौथ्या ओळीवर लिहिलं होतं : ‘पॉवर स्टिअरिंग ऑईल २ लि. – १,४००’. मी ते वाचलं, मान हलवली, पैसे दिले आणि घरी आलो. माझ्या गाडीत हे ऑईल ओतायला जागाच नाही, हे पुढं एका बॅटरीवाल्यानं सांगितलं तेव्हा कळलं.

गाडी छोटी हॅचबॅक, २०१६ ची. नवतप्याचे, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाचे दिवस होते. सासुरवाडी काटोलची, तिथलं एक लग्न आटोपून दुपारी नागपूरला परत येत होतो. फेटरी मागं टाकली आणि एका वळणावर स्टिअरिंग एकदम जड झालं. समोर पिवळा दिवा लागला, ‘ईपीएस’. गाडी वळत होती, पण जुन्या ट्रॅक्टरसारखी, दोन्ही हातांनी ओढावं लागत होतं. एसी बंद केला, जरा पुढं आलो, दिवा विझला. काटोल नाक्याच्या सिग्नलला पुन्हा लागला. मानेवाड्याला घरी पोचेपर्यंत दंड भरून आले होते.

दुसऱ्या दिवशी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला न नेता रिंग रोडवरच्या एका गॅरेजला नेली. नाव लिहीत नाही, कारण नंतर त्याच्याशी तडजोड झाली आहे. तिथं का गेलो? ऑफिसातल्या एकानं सांगितलं, कंपनीवाले लुटतात, हा पोरगा प्रामाणिक आहे. पोरगा खरंच गोड बोलायचा. खुर्ची दिली, माठातलं पाणी दिलं, “टेन्शन नका घेऊ काका” म्हणाला. मग गाडीचं पुढचं चाक जॅकवर उचललं, दोन्ही हातांनी चाक हलवून दाखवलं. ठकठक आवाज आला. “रॅक गेला जी तुमचा. असंच चालवलं अन् हायवेवर स्टिअरिंग लॉक झालं तं?”

रॅक म्हणजे स्टिअरिंग फिरवलं की चाकं वळवणारा दातेरी दांडा. पण माझं काम झालं ते ‘लॉक’च्या त्या एका वाक्यानं. लेक-जावई याच गाडीनं समृद्धीवरून शिर्डीला जाणार होते.

आता माहीत आहे म्हणून लिहितो. ईपीएस म्हणजे विजेवरचं पॉवर स्टिअरिंग. आपण चाक फिरवतो तेव्हा किती जोर लागतो ते एक सेन्सर मोजतो आणि त्या हिशेबानं एक मोटर आपल्याला हात देते. मोटर बंद पडली तरी स्टिअरिंगपासून चाकापर्यंतचा लोखंडी दांडा तसाच जोडलेला असतो. स्टिअरिंग जड होतं, लॉक होत नाही. अचानक जड झाल्यावर वळण चुकू शकतं, म्हणून दिवा लागलेली गाडी दामटत राहू नये हे खरंच. पण ‘लॉक होईल’ हे वाक्य फक्त गिऱ्हाईक घाबरवायला आहे.

पहिला आकडा १४,५०० चा होता, रॅक ओव्हरहॉलचा, म्हणजे खोलून दुरुस्त करायचा. मला तो परवडणारा वाटला. कागदावर काही नाही, सही नाही, तोंडीच ‘हो’. बायको फोनवर म्हणाली, “जुनं सामान परत मागा म्हणजे बदललं की नाही ते कळेल.” मी म्हटलं, त्या भंगाराचं काय लोणचं घालायचं आहे? हे वाक्य ती अजून दर रविवारी मला ऐकवते.

मंगळवारी फोन आला. रॅक ओव्हरहॉल होत नाही, नवीनच टाकावा लागेल. बुधवारी पुन्हा फोन. वरची मोटरपण गेली आहे. मी गॅरेजला गेलो तर गाडीचा डॅशबोर्ड अर्धा उघडा, वायरी लोंबत होत्या, पुढची दोन्ही चाकं काढलेली. मी म्हटलं, राहू द्या, कंपनीत दाखवतो. तो शांतपणे म्हणाला, “न्या ना काका. पण आता खोलून ठेवली आहे. जोडून द्यायचे सहा हजार होतील, अन् टोइंग तुमचं.”

खरी फसवणूक इथं असते. बिल फुगवणं नंतरचं. आधी गाडी अशा अवस्थेला आणायची की ती तिथून हलवणंच महाग पडेल. चौदा हजाराला हो म्हणणारा माणूस चाळीस हजाराला नाही म्हणू शकत नाही, कारण त्याची गाडी गॅरेजात उघडी पडलेली असते.

त्यानं मला एक पुरावाही दाखवला होता. रॅकच्या टोकाला रबराचा घड्याघड्यांचा बूट असतो, धूळ-पाणी आत जाऊ नये म्हणून. तो फाटला होता. “पाहा, यातून माती गेली आत.” मी मोबाईलवर फोटो काढून घेतला. जावयाला पाठवायला, म्हणजे आपण फालतू खर्च करत नाही हे त्याला कळावं. पुढं हाच फोटो कामी आला.

गुरुवारी गाडी मिळाली. बिल हातानं लिहिलेलं, जीएसटी नंबर नाही. नवीन रॅक १९,५००, मोटर रिपेअर ११,०००, टाय रॉड एंड (रॅक आणि चाक यांच्यामधला सांधा) २,४००, ते ऑईल १,४००, अलाइनमेंट आणि कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर कल) १,५००, मजुरी ५,५००. पैसे यूपीआयनं दिले, तेही गॅरेजच्या नावावर नाही, कुण्या बाईच्या नावावर. स्टिअरिंग मात्र लोण्यासारखं फिरत होतं, दिवा नव्हता. सक्करदऱ्यापर्यंत मीच गाडी चालवत गेलो आणि एका जुन्या मित्राला गॅरेजची शिफारसही करून आलो. नशीब त्याचं, तो गेला नाही.

आठ दिवसांनी दिवा परत लागला. गॅरेजला फोन केला तर म्हणे, सेन्सर असेल, घेऊन या, आठ-नऊ हजारांत होईल.

गेलो नाही, आणि त्यात माझी हुशारी काहीच नाही. त्या दिवशी सकाळी गाडी सुरूच होईना. कॉलनीतल्या पोरांनी धक्का मारला आणि मी जवळच्या एका बॅटरीवाल्याकडे नेली. टिनाचं शेड, बाहेर जुन्या बॅटऱ्यांची चळत, आत साठीचे एक काका. त्यांनी बॉनेट उघडलं आणि आधी काही बोललेच नाहीत. बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलवर पांढरी-हिरवट बुरशीसारखी पूड चढली होती. नुसत्या बॅटरीचा व्होल्टेज ११.८ निघाला. चांगली भरलेली बॅटरी गाडी बंद असताना १२.६ च्या आसपास दाखवते. मग गाडी सुरू करवली, एसी लावायला सांगितला आणि मला स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवायला लावलं. मीटरची एक सुई त्यांनी बॅटरीच्या शिशाच्या खुंटीवर टेकवली, दुसरी त्याच खुंटीला धरलेल्या क्लॅम्पवर. दोन्ही एकमेकांना चिकटलेले, मध्ये फरक जवळपास शून्य हवा. मी चाक फिरवलं की आकडा उसळून एकच्या वर जायचा आणि डॅशबोर्डवर पिवळा दिवा.

“तुमची मोटर उपाशी मरून रायली,” ते म्हणाले.

ही मोटर वळणावर भरपूर करंट ओढते. बॅटरी अशक्त किंवा टर्मिनल खराब असेल, वर एसी चालू असेल आणि गाडी सिग्नलला हळू आवाजात उभी असेल, तर तिला लागेल तेवढा करंट मिळत नाही. कंट्रोल युनिट मदत काढून घेतं आणि दिवा लावतं. आपल्याकडच्या उन्हात बॅटरीतलं पाणी उडतं, आयुष्य घटतं, म्हणून मे-जूनमध्ये असल्या गाड्या त्यांच्याकडे रोज येतात, असं ते म्हणाले. मग मधले आठ दिवस गाडी ठीक कशी चालली? त्याचंही उत्तर त्यांच्याकडे होतं. स्टिअरिंगचं काम करायला बॅटरी काढावीच लागते. परत लावताना टर्मिनल खरवडून आवळलं गेलं असणार, बॅटरीही बहुतेक चार्जरला लावली असणार. म्हणजे आजार बरा झाला तो त्या दोन मिनिटांत. तो पोरगा हे जाणून होता की नव्हता, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

बिल मी त्यांना दाखवलं. चष्मा लावून एकेक ओळ वाचत चौथ्या ओळीवर थांबले. “हे ऑईल टाकलं कुठी पण?” मला वाटलं थट्टा करताहेत. त्यांनी मला बॉनेटपाशी नेलं. ही कूलंटची टाकी, ही ब्रेक ऑईलची, ही काच धुवायच्या पाण्याची. पॉवर स्टिअरिंगची टाकी दाखवा. नव्हती. हायड्रॉलिक स्टिअरिंगला पंप, नळ्या आणि ऑईल लागतं. विजेवरच्याला यातलं काहीच नसतं.

नवी बॅटरी ४,८०० ची बसली, टर्मिनल साफ करायचे त्यांनी दीडशे घेतले. त्यांनीच मागच्या गल्लीतल्या एका मिस्त्रीकडे पाठवलं, ज्याच्याकडे खाली उतरून बघायला खड्डा होता. मी स्वतः खड्ड्यात उतरलो. रॅकची नळी काळीकुळकुळीत, नवी दिसत होती. मिस्त्रीनं ब्रॅकेटच्या फटीत नख घातलं. रंगाचा पापुद्रा निघाला आणि त्याच्या मागं चिकटून वाळलेली माती. मातीवरूनच स्प्रे मारला होता. बूट तेवढा नवीन होता. जुन्याचा मोबाईलमधला फोटो त्यानं मोठा करून पाहिला. जुनं रबर फाटतं ते घडीच्या तळाशी, तडे जाऊन, कडा कुरतडल्यासारख्या होतात. यात तीन घड्या ओलांडून एक सरळ रेघ होती आणि सगळ्या रबरावर धुळीचा थर असताना कापाच्या कडा स्वच्छ काळ्या. ब्लेड मारलेलं होतं, बहुतेक मी माठातलं पाणी पीत होतो तेव्हा. टाय रॉड एंड मात्र खरंच बदलले होते, आणि एक खरंच ढिला असावा. ती ठकठक त्याचीच. तेवढं काम प्रामाणिक होतं, हेही सांगितलं पाहिजे.

कॅम्बरचं कळलं तेव्हा तर हसूच आलं. बऱ्याच छोट्या गाड्यांत पुढच्या चाकाचा कॅम्बर फिरवून जुळवायची सोयच कंपनीनं दिलेली नसते. अलाइनमेंटवाले ‘कॅम्बर आऊट आहे’ म्हणून दर चाकामागे पैसे घेतात आणि जॅकसारख्या अवजारानं ताण देऊन स्ट्रट, म्हणजे चाकाला धरणारा शॉकअपचा खांब, वाकवतात. आधीचा आणि नंतरचा प्रिंट मागितला की निम्म्या ठिकाणी प्रिंटर बिघडलेला असतो.

तेव्हापासून मी स्टिअरिंगचा विषय निघाला की लोकांना पकवतो. जड वाटतंय? आधी टायरची हवा बघा, किती हवी ते ड्रायव्हरच्या दाराजवळच्या पट्टीवर लिहिलेलं असतं. मग बॅटरी आणि टर्मिनल. गाडी एका बाजूला ओढते तर अलाइनमेंट, टायर, नाहीतर ब्रेक चिकटतोय. ऐंशीच्या पुढं चाक थरथरतं तर बहुतेक बॅलन्सिंग. रॅकचं नाव सगळ्यांत शेवटी यावं, पहिल्या पाच मिनिटांत नाही. कंपनीच्या वेबसाइटवर चासी नंबर टाकून रिकॉलही बघावा. जुलै २०२३ मध्ये मारुतीनं एस-प्रेसो आणि ईको मिळून ८७,५९९ गाड्या याच टाय रॉडच्या संशयावरून परत बोलावल्या होत्या, भाग फुकट बदलून द्यायला. अशा गाडीचा मालक बाहेर पैसे मोजून येत असेल तर काय म्हणावं?

आणि मोठं काम असेल तर गाडी उघडण्याआधीच लिहून घ्या : काय बदलणार, किती लागतील, आकडा वाढला तर विचारल्याशिवाय पुढं जायचं नाही, जुना भाग परत, नवा भाग एमआरपीच्या खोक्यासकट समोर उघडायचा. तोंड वाकडं करणाऱ्याकडे गाडी सोडू नका. मी खोकं मागितलं तेव्हा उत्तर मिळालं होतं, “कचऱ्यात गेलं काका, घंटागाडी येऊन गेली.”

बिल, फोटो आणि यूपीआयची पावती घेऊन मी गॅरेजला गेलो. खुर्ची मिळाली नाही. आधी आवाज चढला, मग मी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवतो म्हटल्यावर उतरला. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात तक्रारीला दोन वर्षांची मुदत आहे, पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला जिल्हा आयोगात फी नाही, वकीलही सक्तीचा नाही. हे सगळं मी पाठ करून गेलो होतो. तरी शेवटी १२,००० वर मिटवलं. उन्हात सिव्हिल लाइन्सच्या चकरा मारायची हिंमत नव्हती, दुसरं कारण सांगणार नाही. जावई म्हणतो लढायला हवं होतं. बरोबर आहे त्याचं.

आठ हजार त्याच दिवशी मिळाले. उरलेल्या चार हजारांसाठी मी दर महिन्याला फोन करतो. तो उचलतो, नाव घेऊन बोलतो, तब्येत विचारतो.

“गाडी कशी चालून रायली काका?”

“चांगली.”

“मंग?”