दुपारच्या जेवणाला घरी : साताऱ्याभोवतीच्या डोंगरवाटांचे परीक्षण

साताऱ्याच्या उपनगरात राहणाऱ्या माणसाला डोंगर शोधत जावे लागत नाही. एक स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसतो आणि तीन-चार गच्चीवरून. रविवारची सकाळ त्यांतल्या कोणत्या वाटेवर घालवावी, एवढेच ठरवायचे असते. गेली काही वर्षे मी या वाटा कधी एकट्याने, कधी कुटुंबासह चालत आलो आहे आणि त्यांना गुण देताना एकच कसोटी लावतो : पहाटे निघालेला माणूस दोर आणि वाटाड्या न घेता चढून-उतरून दुपारच्या जेवणाला घरी पोहोचला पाहिजे. या कसोटीवर वासोटा आपोआप बाद होतो. बामणोली गाठायची, वनखात्याची परवानगी काढायची, शिवसागर जलाशय लाँचने ओलांडायचा आणि मग सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाच्या जंगलातून चढायचे, हा सबंध दिवसाचा बेत आहे आणि तो वर्षातून एकदाच करावा.

सर्वांत जवळचा अजिंक्यतारा. गाडीरस्ता थेट किल्ल्यापर्यंत गेल्यापासून त्याच्याकडे डोंगर म्हणून पाहण्याची सवयच गावाला राहिलेली नाही, ही माझी जुनी तक्रार आहे. वास्तविक रस्त्याची वळणे तोडत जाणाऱ्या पायवाटा अजून शाबूत आहेत. त्यांनी चढल्यास दम लागतो, हॉर्न ऐकावे लागत नाहीत आणि करवंदाच्या दिवसांत न्याहारीचीही थोडीफार सोय होते. वर आलेले बहुतेक जण दरवाजापाशी फोटो काढून माघारी फिरतात. त्यांनी तटाच्या कडेने पुरता फेरा मारावा, कारण या किल्ल्याचे खरे मोल त्या फेऱ्यात आहे. यवतेश्वर, सज्जनगड, जरंडा, नांदगिरी, चंदन-वंदन असे आजूबाजूचे सारे डोंगर येथून ओळीने ओळखता येतात, त्यामुळे पुढच्या रविवारचा नकाशा येथेच तयार होतो. मंगळाईच्या देवळापाशी मात्र थोडे बसावे. शिवाजी महाराजांनी १६७३ मध्ये जिंकलेल्या या किल्ल्याला औरंगजेबाने १६९९ च्या अखेरीस वेढा घातला आणि १७०० च्या एप्रिलमध्ये मोगलांनी येथील तटाखाली सुरुंग पेरले. त्यांतल्या एका स्फोटात तट बाहेरच्या बाजूला कोसळून मोगलांचेच सैन्य मोठ्या संख्येने ढिगाऱ्याखाली गाडले गेले. खालच्या उतारावर नजर टाकली की तेथे उभ्या असलेल्या फौजेला पळायला जागा का मिळाली नसेल, हे आपोआप समजते.

यवतेश्वरचा घाट धावणाऱ्यांसाठी उत्तम आहे आणि शहराची प्रसिद्ध हिल मॅरेथॉन तेथेच धावली जाते. पण डांबरी रस्त्याला डोंगरवाट म्हणणे मला पटत नाही. त्याच रस्त्याने पुढे येणारे कास पठार २०१२ मध्ये पश्चिम घाटासह जागतिक वारसा यादीत गेले, ते योग्यच झाले. फुलांच्या हंगामात तेथे आगाऊ नोंदणी करून जावे, पण आपण फुले पाहायला आलो आहोत, चालायला नव्हे, हे मनाशी स्वच्छ असू द्यावे. ज्यांच्याकडे दीडच तास आहे त्यांनी महादरे तळ्याच्या बाजूची झाडी आणि पेढ्याचा भैरोबा ही वाट धरावी. पावसाळा सरता सरता तेथे दिसणारी फुलपाखरे पाहिली की या झाडीला संरक्षण का हवे, ते कोणी सांगावे लागत नाही.

सज्जनगडाला मी चालण्यासाठी क्वचितच जातो. समर्थांच्या समाधीचे दर्शन, खाली पसरलेले उरमोडीचे पाणी आणि दुपारचा प्रसाद यांसाठी जाणे वेगळे. शिवाय तेथे प्रसादाला बसले की घरच्या जेवणाची अट मोडते, ती गोष्ट निराळीच. जरंडेश्वराचा डोंगर त्या मानाने चांगला घाम काढतो. मारुतीने द्रोणागिरी नेताना त्याचा एक तुकडा येथे पडला, अशी आख्यायिका असल्यामुळे शनिवारी, विशेषतः श्रावणातल्या, येथे रीघ लागते आणि महागड्या बुटांतल्या तरुणांना अनवाणी चढणाऱ्या आजीबाई मागे टाकून जातात. ज्याला आपल्या तब्येतीविषयी गैरसमज असेल त्याने शनिवारच निवडावा.

पूर्ण गुण मी देतो ते कोरेगाव तालुक्यातल्या, सातारारोडजवळच्या कल्याणगडाला, म्हणजेच नांदगिरीला. चढण सुमारे तासा-सव्वा तासाची आहे, सावली बेताची आहे आणि वाट चुकण्यासारखी नाही. एवढ्यावर तो इतर टेकड्यांपेक्षा फारसा वेगळा ठरला नसता. त्याचे वेगळेपण पहिल्या दरवाजाच्या आत आहे. तेथून काही पायऱ्या खाली उतरल्या की कातळाच्या पोटात शिरलेली एक अरुंद गुहा लागते आणि तिच्यात पाणी भरलेले असते. पादत्राणे बाहेर ठेवून, लोखंडी कठड्याला धरून, विजेरीच्या उजेडात त्या थंडगार पाण्यातून चालत जावे लागते. पावसाळ्यानंतर हे पाणी कंबरेला लागते. शेवटी पार्श्वनाथ आणि दत्तात्रेय यांच्या मूर्ती आहेत. वर दुसऱ्या दरवाजापलीकडे मारुतीचे देऊळही आहे आणि दर्गाही आहे, त्यामुळे या लहानशा माथ्यावर जैन, हिंदू आणि मुसलमान तिन्ही श्रद्धा शेजारी नांदताना दिसतात. माझी दहा वर्षांची मुलगी पहिल्यांदा पाण्याला घाबरून दाराशीच बसली होती. पुढच्या वेळी तिनेच माझा हात धरून मला आत नेले. उणीव सांगायची तर एसटीच्या वेळा सांभाळत ही वाट केल्यास दुपारच्या जेवणाची कसोटी कशीबशीच पुरी होते, तेव्हा स्वतःचे वाहन असलेले बरे.

देगावजवळच्या पाटेश्वरची चढण सोपी आहे, पण वरच्या झाडीत, लेण्यांमध्ये आणि देवळाभोवती असलेली असंख्य, नाना आकारांची शिवलिंगे पाहताना वेळ कसा जातो ते कळत नाही. अग्निवृष नावाने ओळखली जाणारी तेथील मूर्ती शोधून पाहावी. नुसते व्यायामासाठी येणाऱ्यांना ही वाट अपुरी वाटेल. मला ती तशी कधी वाटली नाही.

पायांत काय घालावे, याविषयी एक अनुभव नोंदवतो. डोंगरासाठी खास म्हणून एका दुकानातून घेतलेल्या माझ्या बुटांचा तळ दुसऱ्याच पावसाळ्यात सुटला आणि दुकानदाराने तो माझ्या चालण्याचा दोष ठरवला. तेव्हापासून मी खोल नक्षीच्या तळाचे साधे कॅनव्हासचे बूट वापरतो आणि ओल्या कातळावर ते अधिक विश्वासू ठरले आहेत. उन्हाळा तोंडावर आला की मात्र बूट कोणतेही असोत, निवड आखडती घ्यावी. त्या दिवसांत कोणीतरी वणवा लावतो, गवत जळून मुळांची पकड सुटते आणि उघड्या मुरुमावर घसारा इतका वाढतो की चढण्यापेक्षा उतरणे अवघड होते. असे जळके डोंगर दिसू लागले की पहिला चांगला पाऊस होईपर्यंत मी पायवाटा सोडून देतो आणि जरंडेश्वराच्या पायऱ्यांवर, आजीबाईंच्या मागून, चढत राहतो.