गिटारचा प्रोसेसर घ्यायचाय: झूम, जीटी-१ का पॉड गो?

आमच्या बिल्डिंगमधला एक पोरगा गेले तीन आठवडे रोज रात्री विचारतोय, दादा प्रोसेसर कुठला घेऊ (म्हणजे गिटारचा आवाज बदलणारी, पायाने चालवायची इफेक्टची पेटी). सोमवारी त्याला झूम जी१एक्स फोर हवा असतो, बुधवारी बॉस जीटी-१, आणि रविवारी कोणाचा तरी व्हिडिओ बघितला की लाइन ६ पॉड गो. जिन्यात उभं राहून तुकड्यातुकड्यात सांगून झालंय, म्हणून आता त्याच्यासाठी एकदाच सगळं लिहितो. माझ्याकडे आधी झूम होता, तो विकून जीटी-१ घेतला त्याला आता पाच वर्षं झाली, आणि पॉड गो आमच्या बँडच्या दुसऱ्या गिटारवाल्याकडे आहे तो मी महिनाभर घरी आणून ठेवला होता. म्हणजे तिन्ही माझ्या पायाखालून गेलेत.

मी त्याला पहिलं हे विचारलं की तुझा आवाज बाहेर पडणार कुठून? हेडफोन, अ‍ॅम्प, का साउंडवाल्याचा मिक्सर? तर म्हणे तिन्ही. बरं, मग मेख इथेच आहे. गिटार अ‍ॅम्पचा स्पीकर वरचा किरकिरा आवाज आपणहून खाऊन टाकतो, मिक्सर आणि हेडफोन तसं काही करत नाहीत, जे येईल ते सगळं ऐकवतात. म्हणून मिक्सरला देताना प्रोसेसरला त्या स्पीकरच्या पेटीची नक्कल करावी लागते, तिला कॅब सिम्युलेशन म्हणतात, आणि अ‍ॅम्पला लावताना हीच नक्कल बंद करायची, नाहीतर पेटीतून पेटी ऐकल्यासारखं गुदमरलेलं वाटतं. हे मला कोणी सांगितलं नव्हतं, मी नौपाड्यात एका गणपतीच्या कार्यक्रमात शिकलो. घरी अ‍ॅम्पवर सेट केलेला पॅच (म्हणजे जुळवून साठवलेला आवाज) तसाच उचलून मिक्सरला दिला, डिस्टॉर्शन म्हणजे तो फाटका रॉकवाला आवाज मारलं, आणि मंडपात गांधीलमाशी शिरल्यासारखा आवाज. पहिल्या रांगेतल्या एका आजोबांनी मान वर करून पंख्याकडे बघितलं, अजून आठवतं.

जीटी-१ मधे त्यासाठी आउटपुट सिलेक्ट नावाची सेटिंग आहे, जेसी-१२० (रोलँडचा अ‍ॅम्प), कॉम्बो अ‍ॅम्प, स्टॅक अ‍ॅम्प, लाइन/फोन्स वगैरे, कुठे जोडलंय ते एकदा सांगितलं की सगळे पॅच त्याप्रमाणे बदलतात. फक्त ते बदलायचं लक्षात राहायला पाहिजे (मी नंतर गिग बॅगेच्या कप्प्यात चिठ्ठी चिकटवली). पॉड गो इथे सरळ पुढे आहे, त्याला मेन आउट वेगळे आणि अ‍ॅम्प आउट वेगळा जॅक आहे, एकाच वेळी मिक्सरला पण द्या आणि मागच्या अ‍ॅम्पला पण द्या. झूमला आउटपुटचा जॅकच एक, हेडफोन पण त्याच्यातच, म्हणजे मिक्सरला लावलंस की हेडफोन विसर.

आता आवाज. पॉड गो सगळ्यात चांगला वाजतो यात वादच नाही, त्यातले अ‍ॅम्प आणि इफेक्ट लाइन ६ च्या हेलिक्स घराण्यातले आहेत आणि बाहेरचे आयआर पण टाकता येतात, म्हणजे खऱ्या कॅबिनेटसमोर माइक ठेवून घेतलेला ठसा. जीटी-१ मधे आयआर टाकता येत नाही. त्याचे क्लीन, कोरस, डिले झकास, पण जास्त गेनचे, म्हणजे जास्त फाटणारे, अ‍ॅम्प थोडे प्लास्टिकचे वाटतात, निदान माझ्या कानाला. झूममधे एका वेळी पाचच इफेक्ट लावता येतात, अ‍ॅम्प धरून. ऐकायला कमी वाटतं पण लग्नाच्या ऑर्केस्ट्रात मला कधी चारच्या वर लागले नाहीत.

पण एक सांगतो, टोनवरून जेवढी भांडणं होतात तेवढा फरक स्टेजवर उरत नाही. तिथे आपली वाट लावते ती लेव्हल. रात्री अकरा वाजता खालच्या काकू झोपल्यात म्हणून हेडफोनवर हळू आवाजात पॅच बनवायचा, आणि हळू आवाजात कानाला बेस आणि वरची धार दोन्ही कमी ऐकू येतात, म्हणून आपण ते दोन्ही वाढवत बसतो, आणि तोच पॅच वाशीच्या भावे नाट्यगृहात मोठ्या आवाजात लागला की खाली नुसता चिखल आणि वर सुया. शिवाय साध्या क्लीन आवाजावरून सोलोच्या लीड आवाजावर गेलं की एकतर कानठळ्या नाहीतर लीड गायबच. कुठलाही प्रोसेसर घे, एकदा रिहर्सल रूम तासाभराने घेऊन मोठ्या आवाजात फक्त पॅचच्या लेव्हल जुळव, गाणी वाजवत बसू नकोस.

आणि पॅच बदलताना मधे जो बारीकसा खड्डा पडतो, त्याचं काय? जीटी-१ वर मी शक्यतो पॅच बदलतच नाही, एकाच पॅचमधे सीटीएल स्विचवर (हवं ते काम लावून द्यायचं पायाचं बटण) सोलोसाठी आवाज वाढवणारा बूस्ट लावून ठेवलाय. पॉड गो वर स्नॅपशॉट आहेत, म्हणजे एकाच पॅचच्या (तिथे त्याला प्रीसेट म्हणतात) आत साठवलेल्या चार वेगळ्या सेटिंग, त्यात डिलेची, म्हणजे प्रतिध्वनीची शेपटी तुटत नाही. आणि आठ फुटस्विच. बाकी दोघांवर स्विच इतके कमी की पायाला कसरत.

करंटचं बोलू. झूम आणि जीटी-१ दोन्ही चार पेन्सिल सेलवर चालतात, पॉड गो ला अडॅप्टर लागतोच. मंडळाच्या जनरेटरवर जेव्हा सगळं गूं गूं करत असतं तेव्हा सेलची किंमत कळते. झूम सेलवर बराच वेळ चालतो, जीटी-१ त्या मानाने अधाशी आहे, आणि त्याला पॉवरचं बटणच नाही, इनपुटमधे जॅक घातला की चालू, म्हणून घरी आल्यावर जॅक काढायचा नाहीतर सकाळी सेल बसलेले. पावसाळ्यात महिनाभर वाजवणार नसशील तर सेल काढून ठेव, आपल्याकडची दमट हवा त्यांना पाझर फोडते. आणि अडॅप्टर हे तिन्हीही ९ व्होल्टचे, पिनच्या मधे निगेटिव्ह. घरातले बाकीचे बहुतेक अडॅप्टर मधे पॉझिटिव्ह असतात, पिन तीच बसते. आमच्या ड्रमरने मदत म्हणून राउटरचा अडॅप्टर आणून दिला होता, नशीब मी त्याच्यावरचं चित्र वाचलं. पॉड गो चा तर ३ अँपिअरचा आहे, त्याच्या जागी कुठलाही छोटामोठा चालणार नाही.

रेकॉर्डिंग करणार असशील, आणि रील टाकल्याशिवाय तू राहणार नाहीस, तर झूम बाद. त्याची यूएसबी फक्त पॅच बदलायला आणि करंटला, लॅपटॉपमधे आवाज जात नाही. जीटी-१ आणि पॉड गो दोघं स्वतःच ऑडिओ इंटरफेस आहेत, म्हणजे गिटारचा आवाज थेट लॅपटॉपमधे नेतात, एक केबल लावली की झालं.

लाइन ६ च्याच एचएक्स स्टॉम्पचं पण विचारत होतास. अप्रतिम डबी आहे, पण स्विच तीन आणि एक्सप्रेशन पेडल (पायाने खाली-वर करायची फळी) वेगळं घ्यावं लागतं, त्याच्यावर चालणारा वाह इफेक्ट तुला रोज लागतो, सोड. मेनूचा कंटाळा येत असेल तर बॉस एमई-९० बघ, सगळं नॉबवर, वाकलं आणि फिरवलं, पण बोजा मोठा आहे, संध्याकाळी सहाची ऐरोली-ठाणे गाडी, पाठीवर गिटार आणि हातात तो, लोक जागा देत नाहीत, शिव्या देतात. जीटी-१ बॅगेच्या पुढच्या कप्प्यात मावतो, सव्वा किलोच्या आसपास.

पैशाचं म्हणशील तर झूम सगळ्यात स्वस्त, जीटी-१ मधे, आणि पॉड गो च्या पैशात दोन जीटी-१ येतील. तुझ्याकडे अजून अ‍ॅम्प नाही, बँड नाही, परीक्षा तोंडावर आहे, तर माझ्या मते जीटी-१ घे, आणि तो पण सेकंडहँड, फक्त घेताना एक्सप्रेशन पेडल पूर्ण खाली-वर करून बघ आवाज मधेच तुटतो का, आणि सेलचं झाकण उघडून आत हिरवट बुरशीसारखं काही नाही ना ते बघ. बँड जमला आणि महिन्याला दोन-तीन कार्यक्रम यायला लागले की मग पॉड गो चा विचार कर.

रविवारी वरती ये, माझा लावून बघ. गिटार तुझी आण आणि हेडफोन पण तुझाच, चारच्या आधी नको, काकू झोपलेल्या असतात.