लॉगमधील गुपिते झाकणारा फॉर्मॅटर : सात महिन्यांच्या वापरानंतर

सांगलीच्या मार्केट यार्डातील हळदीच्या अडत दुकानांसाठी आम्ही पायथॉनमध्ये लिहिलेली हिशेबपट्टीची प्रणाली चालवतो. सौदा झाला की शेतकऱ्याला एसएमएस जातो. ऐन हंगामात एका सकाळी एसएमएस सेवेशी जोडणी होईना, तेव्हा एका दुकानाच्या दिवाणजींनी मदतीच्या हेतूने एरर लॉगचा (प्रणाली स्वतःच्या त्रुटी जिथे नोंदवते त्या फाइलचा) फोटो व्हॉट्सॲप गटात टाकला. ‘मॅक्स रिट्राइज एक्सीडेड विथ यूआरएल’ या शब्दांपुढे पत्ता होता आणि त्याच्या शेपटाला आमची एपीआय की, म्हणजे ती सेवा आमच्या नावाने वापरू देणारा गुप्त संकेत. पायथॉनमधून वेबसेवांना विनंत्या पाठवणारी रिक्वेस्ट्स लायब्ररी जोडणी फसल्यावर यूआरएल त्रुटीसंदेशात छापते, हे मला ठाऊक असायला हवे होते. की तासाभरात बदलली.

पहिला उपाय म्हणून मूळ लॉगरला (लॉगमधील नोंदी स्वीकारणाऱ्या घटकाला) फिल्टर, म्हणजे नोंदींची चाळणी, लावला आणि फसलो. लॉगरला लावलेला फिल्टर त्याच लॉगरवर केलेल्या नोंदींपुरता चालतो. लायब्ररींच्या लॉगरमधून वर येणाऱ्या नोंदी त्याला वगळून थेट हँडलरकडे, म्हणजे नोंद प्रत्यक्ष लिहिणाऱ्या घटकाकडे, जातात. फिल्टर हँडलरवर नेला तरी ट्रेसबॅकमधून (त्रुटी कोडमध्ये कुठे झाली हे दाखवणाऱ्या मजकुरातून) की डोकावतच राहिली, कारण ट्रेसबॅकचा मजकूर फिल्टरनंतर, नोंदीला अंतिम रूप देणाऱ्या फॉर्मॅटरमध्ये तयार होतो. म्हणून शेवटी स्वतःचा फॉर्मॅटर लिहिला, जो पूर्ण तयार झालेल्या मजकुरावरून रेग्युलर एक्स्प्रेशन (मजकूर शोधण्याचा नमुना) फिरवतो आणि की, टोकन, पासवर्ड यांच्या जागी फुल्या घालतो.

तेव्हापासून लॉगमध्ये एकही की सापडलेली नाही. वेग कमी झाल्याचे कोणाला जाणवले नाही. तक्रार आली ती वेगळीच: ‘पास’ हा शब्द दिसेल तिथे झाकण्याच्या माझ्या उत्साहात गेटपासचे क्रमांकही फुल्यांखाली गेले आणि कोणती गाडी यार्डाबाहेर पडली हे लॉगवरून कळेनासे झाले. दिवाणजींनी त्यावर मला चांगलेच सुनावले. आता झाकायच्या रकान्यांची नावे नेमकी दिली आहेत, आणि जेसन या माहिती मांडण्याच्या स्वरूपातील अवतरणचिन्हांसाठी वेगळा नमुना ठेवला आहे.

प्रत्येक नवी आवृत्ती चढवण्यापूर्वी एक खोटी की मुद्दाम त्रुटीत घालून ती लॉगमध्ये उमटते का, हे चाचणी तपासते. या सगळ्यात मला सर्वांत उपयोगी वाटलेली गोष्ट हीच. खरी की आता यूआरएलऐवजी हेडरमधून (विनंतीसोबत जाणाऱ्या वेगळ्या माहितीतून) जाते, त्यामुळे फॉर्मॅटरवरचा भारही हलका झाला. शेतकऱ्याचा बँक खाते क्रमांक मात्र रकान्याच्या नावाशिवाय वाक्यात आला, तर तो अजूनही निसटतो. वजनाचे आणि पट्टीचे आकडे न झाकता तो कसा ओळखावा, हे मला अद्याप जमलेले नाही.