९५ हजारांची 'थोडं काम' असलेली वॅगन आर की पावणेदोन लाखांची चालू?

जुनी गाडी शोधायला लागलं की या दोन जाहिराती कुठे ना कुठे शेजारी-शेजारी दिसतातच. एक वॅगन आर, २०१२ ची, पेट्रोल, ९५ हजार, आणि खाली बारीक अक्षरात 'थोडं काम आहे, येऊन बघा'. दुसरी त्याच सालची, जवळपास तेवढीच फिरलेली, १ लाख ७५ हजार, 'एक रुपयाचं काम नाही'. मध्ये ८० हजारांचा फरक. मग घरात पाठकोऱ्या कागदावर आकडेमोड सुरू होते: क्लचचे एवढे, टायरचे तेवढे, वर थोडं डेंटिंग-पेंटिंग.

आकडेमोड करायचीच आहे. पण त्याआधी ते 'थोडं काम' कुठल्या जातीचं आहे हे कळायला हवं. गाडीची कामं दोनच जातींची असतात, संपणारी आणि न संपणारी. क्लच प्लेट बदलली की पुढची काही वर्षं तिचं नाव काढावं लागत नाही. खालचा पत्रा सडला असेल, तर आज वेल्डिंग मारलं तरी पुढच्या पावसाळ्यानंतर त्याच्याच शेजारी भोक पडतं. माझं मत आधीच सांगून टाकतो. सगळी कामं पहिल्या जातीची असतील तर स्वस्त गाडी बिनधास्त बघायला जा. दुसऱ्या जातीचं एक जरी निघालं, तर ९५ चे ६० हजार केले तरी घेऊ नका.

संपणारी कामं: दोन्ही गाड्यांचा हिशोब

कंपनीच्या सर्व्हिस सेंटरचे नव्हे, बाहेरच्या बऱ्या गॅरेजचे ढोबळ आकडे धरू. क्लच सेट मजुरीसह ७ ते ९ हजार. पुढचे शॉकअप, लोअर आर्म, बुश, लिंक रॉड असं सस्पेन्शनचं काम ११ ते १४ हजार. चार टायर १३ ते १५ हजार, बॅटरी ४ ते साडेचार हजार. ब्रेक पॅड, लायनर, ऑइल, फिल्टर आणि प्लग मिळून ५-६ हजार. बेरीज ४० ते ४९ हजार. म्हणजे ९५ ची गाडी रस्त्यावर येईपर्यंत १ लाख ३५ ते १ लाख ४४ हजारांना पडली. एसी बंद असेल तर तो मी वेगळा धरतो, कारण गॅस गळत असेल तर काम दोन-तीन हजारांत भागतं आणि कॉम्प्रेसर गेला असेल तर १५ हजारांच्या पुढे जातं. विकणारा नेहमी म्हणतो, 'फक्त गॅस भरायचाय.'

या बेरजेवर विसंबू नका. क्लचसाठी गिअरबॉक्स उतरवला की मागचं ऑइल सील पाझरताना दिसतं. सस्पेन्शन खोललं की स्टिअरिंग रॅकमधली ढिलाई हाताला लागते. म्हणून मिस्त्रीने सांगितलेल्या आकड्याची मी दीडपट करतो. ४९ ची दीडपट साडेत्र्याहत्तर, अधिक ९५, म्हणजे १ लाख साडेअडुसष्ट हजार. चालू गाडीच्या खालीच, पण थोडक्यात. आणि गाडी दोन-तीन आठवडे गॅरेजमध्ये, 'उद्या या, पार्ट येतोय' ऐकत. एवढ्या खटाटोपासाठी साडेसहा हजारांचा फायदा फार कमी आहे, म्हणून बोलणी ८० पासून सुरू करायची आणि ८५ च्या वर जायचं नाही.

आता दुसरीकडे बघा. 'एक रुपयाचं काम नाही' याचा खरा अर्थ 'आज लगेच करावं लागेल असं काम नाही' एवढाच. चालू गाडीच्या टायरशी उकिडवे बसा आणि बाजूवरचा चार आकडी शिक्का वाचा. २३१९ असेल तर तो टायर २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलाय. नक्षी कितीही छान उरलेली असो, एवढं जुनं रबर कडक होतं आणि पावसात धरत नाही. बॅटरीवरची तारीख बघा, क्लचचं पेडल किती वर आल्यावर गाडी उचलते ते बघा. या गाडीतही पहिल्या वर्षभरात २०-२५ हजार जाणार असं धरा, म्हणजे तिची खरी किंमत दोन लाखांना टेकते. शिवाय कुठला पार्ट कधी बदलला हे आधीच्या मालकालाच ठाऊक. दुरुस्त करून घेतलेल्या गाडीत ते तुम्हाला ठाऊक असतं, बिलं तुमच्या फायलीत असतात. हा फायदा पैशांत मांडता येत नाही, पण घाटात रात्री गाडी चालवताना कळतो.

उदाहरणाला वॅगन आर मुद्दाम घेतली. २०१० पासून तिच्यात ९९८ सीसीचं के सिरीज इंजिन आलं, त्याला टायमिंग बेल्ट (इंजिनाचे व्हॉल्व्ह वेळेवर हलवणारा रबरी पट्टा, तो ठरावीक काळाने बदलावा लागतो) नाही, चेन आहे. त्याच काळातल्या सँट्रो झिंगला किंवा अल्टो ८०० ला बेल्ट आहे. तो कधी बदलला याचं बिल नसेल तर घेतल्या घेतल्या बदलायचा, तो खर्च धरायचा. दुसरं म्हणजे वॅगन आरचा पार्ट तालुक्याच्या दुकानात मिळतो. तळेगावच्या कारखान्यातून निघालेली शेवरोले बीट आजही मोहात पडावं इतक्या स्वस्तात मिळते, पण कंपनीने २०१७ च्या अखेरीला भारतातली विक्रीच थांबवली. फियाट आणि फोर्डही गेल्या. वाईट गाड्या नव्हत्या, उलट फियाटच्या पुंटोचा पत्रा आजच्या कित्येक गाड्यांपेक्षा दणकट. पण पार्टसाठी महिनाभर गाडी उभी राहिली की संपणारं कामही न संपणाऱ्या जातीत जाऊन बसतं. स्वस्तातल्या डिझेल गाड्यांचंही तसंच. इंजेक्टर आणि टर्बो दोन्हींचं काम निघालं तर बिल गाडीच्या निम्म्या किमतीला भिडतं. रोज शंभर किलोमीटर फिरणं नसेल तर त्या वाटेला जाऊ नये.

न संपणारी कामं

पहिलं, गरम होणारं इंजिन. 'थर्मोस्टॅटचं काम आहे, हजारभर रुपये' हे वाक्य ऐकलं की सावध व्हा. असेलही थर्मोस्टॅट. पण तसंच तापवत गाडी हाकली असेल तर हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, वाकलेलं असतं. हेड उतरवून, फेस मारून (घासून सपाट करून), नवं गॅस्केट टाकून १२-१५ हजारांत काम होतं खरं, पण वॅगन आरच्या या इंजिनाचा ब्लॉक, म्हणजे खालचा मुख्य भागही ॲल्युमिनियमचाच. तोही सरळ राहिला नसेल तर गॅस्केट पुन्हा उडतं. पूर्ण इंजिनकाम म्हणजे ४०-५० हजार, आणि ते करणारा हात चांगला मिळाला तर.

हे ओळखायला सकाळी लवकर जा आणि आदल्या दिवशी बजावून ठेवा, 'गाडी सुरू करून ठेवू नका.' गेल्यावर नमस्कार-चमत्काराच्या आधी बॉनेटवर तळहात ठेवा. कोमट लागला तर त्यांनी गाडी आधीच सुरू केली होती. चहा घ्या आणि दुसऱ्या दिवशी या. थंड असेल तर रेडिएटरचं झाकण उघडा. आत हिरवं किंवा निळं कूलंट हवं. गंजाळलेलं तपकिरी पाणी असेल तर या माणसाने वर्षानुवर्षं नळाचं पाणी ओतलंय. मग ऑइलचं झाकण फिरवून त्याची आतली बाजू बघा. तिथे दुधाच्या सायीसारखा पांढुरका थर असेल तर डिपस्टिकही ओढून बघा. पावसाळ्यात कमी फिरणाऱ्या गाडीच्या झाकणाला थोडा थर धरतो, पण डिपस्टिकवरही तोच रंग दिसला की ऑइलमध्ये पाणी शिरतंय. आता सुरू करायला सांगा आणि तुम्ही सायलेन्सरमागे उभे राहा. सुरुवातीची वाफ विरते. निळसर धूर येत राहिला तर इंजिन ऑइल खातंय. पांढरा धूर थांबतच नसेल तर पाणी. चालू इंजिनाचं ऑइलचं झाकण सैल केल्यावर भसाभस वारा येत असेल तर मिस्त्री 'बॅक कॉम्प्रेशन आहे' म्हणतील, म्हणजे इंजिन आतून झिजलंय. तिथून परत फिरायचं. हे काहीच नसेल तर एसी लावून वीस मिनिटं गाडी जागेवर चालू ठेवा. रेडिएटरचा पंखा लागतो, बंद होतो, पुन्हा लागतो आणि तापमानाचा काटा मध्यावरच राहतो, तर निम्मी परीक्षा पास.

दुसरं, पुराची गाडी. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूर बुडालं, जुलै २०२१ मध्ये चिपळूण आणि महाड. पाण्यात गेलेल्या गाड्या धुऊन-पुसून दुसऱ्या जिल्ह्यात विकल्या जातात. सीटचे कव्हर नवे असतील, सेंट मारलेलं असेल. त्याकडे बघू नका. सीटबेल्ट शेवटापर्यंत बाहेर ओढा. नेहमी गुंडाळलेला असतो त्या भागावर चिखलाची आडवी रेघ राहून गेलेली असते, ती कोणी धूत नाही. सीटखालचे बोल्ट आणि स्टेपनीचा खड्डा बघा. पुराच्या गाडीचं वायरिंग आत हिरवं पडत जातं आणि आज काच, उद्या दिवे, परवा फ्युएल पंप असं वर्षभर चालतं. कुठलाही इलेक्ट्रिशियन छातीठोकपणे 'झालं' म्हणू शकत नाही.

तिसरं, सडलेला पत्रा. कोकणपट्टीतल्या आणि मुंबईत समुद्राजवळ उभ्या राहिलेल्या गाड्यांना हा रोग जास्त. रॅम्पवर चढवून खालून बघितल्याशिवाय सौदा नको. खाली ताजं काळं डांबरी कोटिंग मारलेलं असेल तर स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने ठोकून आवाज ऐका, त्याखाली सडका पत्रा लपवलेला असू शकतो.

अपघाताचं मात्र लोक उगाच भय घेतात. बंपर, बॉनेट, दरवाजे, फेंडर हे सगळं नटबोल्टवर निघतं आणि बसतं. बघायचं ते बॉनेटखालच्या ॲप्रनवर (चाकावरच्या आतल्या पत्र्यावर) आणि दरवाजाचं रबर ओढून पिलरवर (चौकटीच्या खांबावर). कारखान्यातल्या वेल्डिंगचे गोल ठिपके सारख्या अंतरावर दिसतात. ते गायब होऊन तिथे गुळगुळीत पुटी असेल तर रचनेलाच मार बसलाय.

कागद आणि २०२७

२०१२ च्या खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, म्हणजे २०२७ मध्ये पुन्हा पासिंग. त्याची फी एप्रिल २०२२ पासून ५ हजार आहे, वर पर्यावरण कर आणि गाडी तपासणीला नेणं. मग पाच वर्षं मोकळी. हे दोन्ही गाड्यांना सारखंच लागू, त्यामुळे तुलनेत फरक पडत नाही. फरक पडतो पत्र्याने आणि धुराने. तंदुरुस्त गाडी पासिंगला जाते आणि येते, सडलेली तिथेच अडते.

सरकारच्या एमपरिवहन ॲपवर नंबर टाकून गाडीवर बोजा (कर्ज) आहे का, विमा कधी संपतो, चलनं किती थकली ते बघा. बोजा असेल तर बँकेचं पत्र आणि बोजा उतरवण्याचा फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. गाडी नावावर करायला फॉर्म २९ आणि ३० लागतात, एजंट तीन-पाच हजार घेतो. विक्रेत्याचा नो क्लेम बोनस गाडीबरोबर येत नाही. 'दिल्लीची गाडी, एकदम क्लीन' असं कोणी म्हणालं तर तिथे २०१५ पासून जुन्या डिझेल-पेट्रोल गाड्यांवर निर्बंध आले हे आठवा. ती स्वस्त त्यामुळेच आहे, आणि इकडे आणल्यावर एनओसी आणि महाराष्ट्राचा रोड टॅक्स तुमच्या माथी.

मग कोणी कुठली घ्यावी?

घरात हीच एकमेव गाडी आणि रोज ऑफिसला न्यायची, तर चालूच घ्या. काम असलेली घेतलीत तर पहिल्या महिन्यातले गॅरेजचे खेटे तुमच्या पगारातून जातील. घरात दुचाकी आहे, गाडी लागते ती गावी जायला आणि आई-वडिलांना दवाखान्यात न्यायला, ओळखीचा मिस्त्री आहे, तर काम असलेली. इतक्या जुन्या गाडीवर बँक सहसा कर्ज देत नाही, त्यामुळे पावणेदोन लाख रोख काढावे लागतात. दुरुस्तीचे पैसे मात्र टप्प्याटप्प्याने घालता येतात. टायर, ब्रेक, सस्पेन्शन आधी. ते झाल्याशिवाय हायवेवर काढायची नाही. एसी आणि रंग दिवाळीनंतर केला तरी चालतो. आणि पोरंबाळं घेऊन दर आठवड्याला एक्सप्रेसवेने जाणार असाल तर यातली एकही घेऊ नका. २०१२ च्या बेसिक मॉडेलमध्ये एअरबॅग नाही, एबीएस नाही. थोडं थांबून २०१९ च्या मध्यानंतरची बघा, तेव्हापासून ड्रायव्हरची एअरबॅग सक्तीची झाली.

भाव करताना एक गोष्ट हाताशी ठेवा. सप्टेंबर २०२५ मध्ये छोट्या नव्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला, पण जुन्या गाड्या विकणाऱ्या बऱ्याच जणांच्या डोक्यात अजून त्याआधीचेच भाव आहेत. हे सांगून पाच-सात हजार सहज उतरतात.

टोकन देण्याआधी आपला मिस्त्री सोबत न्या. पाचशे-हजार रुपये घेतो, द्या. 'मिस्त्री कशाला, मी सांगतोय ना' असं विक्रेता म्हणाला, किंवा रॅम्पवर चढवायला नाही म्हणाला, तर टोकन खिशातच ठेवून दुसरी जाहिरात उघडा. २०१२ च्या वॅगन आर बाजारात पुष्कळ आहेत.