मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र, येरवडा (पुणे) : पेशंटच्या बहिणीचा अभिप्राय

पाच स्टार. ॲडमिट भाऊ होता, मग अभिप्राय बहीण का देतेय, असं कुणी विचारेल. तिथे उपचार आमच्या अख्ख्या घरावर झाले, म्हणून.

आम्ही नाशिकरोडचे. पप्पा प्रेसमधून रिटायर झालेले, आई घरी, मी एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये. धाकटा भाऊ इंजिनिअरिंगला असताना एमडीला, म्हणजे मेफेड्रोन या नशेच्या पावडरीला लागला. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबई पोलिसांनी आमच्या जवळच्या शिंदे गावात एमडीचा कारखाना पकडला, तेव्हा अख्खा नाशिक जिल्हा हादरला. आमच्या घरात मात्र ती पावडर त्याआधीच पोचली होती. रात्र-रात्र जागायचा, जेवायचा नाही, गॅलरीतून कुणीतरी बघतंय म्हणायचा आणि नंतर मेल्यासारखा झोपायचा.

व्यसन एकाचं असतं, पण घरात प्रत्येकाला वेगळं काम लागतं. आई कपाटाच्या किल्ल्या कमरेला लावून झोपायची. पप्पा त्याच्या मित्रांची उधारी फेडायचे आणि आईला सांगायचे नाहीत. आईही त्याला गुपचूप पैसे द्यायची आणि पप्पांना सांगायची नाही. मग एक दिवस दोन्ही उघडकीला आलं, की "तुझ्या लाडाने" आणि "तुमचं लक्षच नव्हतं" सुरू. आजीची पितळी घागर गेली, रिकामा सिलिंडर गेला. मला बघायला आलेल्यांनी "भाऊ काय करतो?" विचारलं की आम्ही तिघं एकाच सुरात "मुंबईला ट्रेनिंगला आहे" म्हणायचो. ठरवून बोलावं लागायचं नाही, इतकी सवय झाली होती.

आधी त्याला दुसऱ्या एका केंद्रात ठेवलं होतं. नाव लिहीत नाही. रात्री गाडी आली, चौघांनी त्याला उचलून नेलं. महिनाभर फोन नाही, भेट नाही, डॉक्टर कोण ते शेवटपर्यंत कळलं नाही. आम्ही फक्त पैसे भरायचे. घरी आला तेव्हा पाठीवर वळ होते आणि आईशी तो बोलेना. तिथून आल्यावर आठवड्यात पुन्हा सुरू. कुणी "घेऊन जातो, तुम्ही काळजी करू नका" म्हणालं, तर तिथेच सावध व्हा, एवढं कळकळीने सांगते.

मुक्तांगण १९८६ साली डॉ. सुनंदा अवचट आणि अनिल अवचट यांनी सुरू केलं, पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाईंच्या मदतीने. आता त्यांची मुलगी मुक्ता पुणतांबेकर बघतात. राहायचा कोर्स ३५ दिवसांचा. आधी डॉक्टरी तपासणी आणि औषधं, मग गटातलं बोलणं, योग, कामाच्या पाळ्या. बरेचसे कार्यकर्ते स्वतः व्यसनातून बाहेर आलेले आहेत. त्यामुळे थापा चालत नाहीत, आणि अपमानही होत नाही.

पण मला लिहायचंय ते घरच्यांच्या बैठकीबद्दल. समुपदेशक चाळिशीतले, एके काळी गर्द (ब्राउन शुगर) ओढणारे. त्यांनी आम्हाला भावाच्या तक्रारी विचारल्याच नाहीत. तो समोर बसलेला असताना म्हणाले, "हे सुरू झाल्यापासून तुम्ही काय काय बंद केलंत, ते सांगा. काका, तुम्ही आधी."

पप्पा बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "मुक्तिधाम मंदिरात भजनाला जायचो, ते बंद केलं. लोक विचारतात." आई म्हणाली, "माहेरी राहायला जात नाही. घर सोडता येत नाही." मला वाटलं माझा नंबर येणार नाही, कारण आजवर कुठल्याच डॉक्टरने मला खुर्चीसुद्धा दिली नव्हती. "ताई, तुम्ही?" मी सांगितलं, की मैत्रिणींना घरी बोलावणं बंद केलं, पगार किती झाला हे घरात सांगणं बंद केलं आणि याच्याशी भांडणंही बंद केलं, कारण भांडण झालं की हा बाहेर जाईल आणि मग दोष माझ्यावर. हे शेवटचं मी कधी कुणाजवळ बोलले नव्हते. आईने माझ्याकडे वळून बघितलं. भाऊ काही बोलला नाही, पण उठूनही गेला नाही. आमच्या घरात तेव्हा हेच मोठं होतं.

नंतर नियम ठरले, सगळ्यांसमोर. त्याची उधारी तोच फेडणार. हातात रोख नाही, फी किंवा औषध असेल तर थेट भरायचं. खिसे तपासायचे नाहीत. आई-पप्पांनी एकमेकांपासून लपवून काही द्यायचं नाही. पप्पांना हा शेवटचा नियम सगळ्यात जड गेला.

३५ दिवसांत माणूस बरा होतो असं तिथे कुणीच सांगत नाही, आणि मला तेच आवडलं. दिवाळीनंतर त्याची स्लिप झाली, म्हणजे त्याने पुन्हा घेतलं. या वेळी आरडाओरडा झाला नाही. पप्पांनी फोन केला, तो स्वतः बॅग भरून फॉलोअपला गेला. नाशिकहून पुणे लांब पडतं, प्रवासात दिवस जातो, हे धरून चला.

पोलिसांच्या भीतीने घरी झाकून ठेवणाऱ्यांसाठी: एनडीपीएस या अमली पदार्थांच्या कायद्याच्या ६४अ कलमात, स्वतःहून उपचार घेणाऱ्या व्यसनी माणसाला सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात खटल्यापासून संरक्षण आहे. वकिलाला विचारून घ्या. मुलगी व्यसनात असेल तर मुक्तांगणमध्ये बायकांसाठी 'निशिगंध' हा वेगळा विभाग आहे. व्यसनी नवऱ्यांच्या बायकांसाठी 'सहचरी' गट आहे. आणि कुठे जायचं हेच कळत नसेल तर व्यसनमुक्तीची सरकारी हेल्पलाइन १४४४६.

पेशंट यायला तयार नसला, तरी तुम्ही आधी जाऊन बोलून या. आणि घरात दुसरं भावंड असेल तर त्यालाही बरोबर न्या, बाहेर बाकावर बसवून ठेवू नका.