तारखेची रिकामी जागा

रंगीत छायाचित्रांच्या लॅबमध्ये १९ वर्षे काम केल्यानंतर माझी नोकरी गेली. नोकरी गेली याबद्दल माझी फारशी तक्रार नाही. तो धंदाच बसत चालला होता आणि ते आम्हा सर्वांना दिसत होते. तक्रार आहे ती नोकरी ज्या रीतीने काढून घेतली गेली त्याबद्दल, आणि त्या कामी माझीच सही कशी वापरली गेली त्याबद्दल. उतरणीला लागलेल्या धंद्यातील माणसांना असेच ठरलेल्या पद्धतीने गाठले जाते, हे मला फार उशिरा कळले. ज्यांच्यावर अजून ही वेळ यायची आहे त्यांच्यासाठी घडले ते लिहीत आहे.

मी निगेटिव्ह धुण्याच्या यंत्रावर होतो. रंगीत निगेटिव्ह धुण्याच्या सी-४१ या प्रक्रियेत डेव्हलपरचे, म्हणजे फिल्मवर चित्र उमटवणाऱ्या रसायनाचे, तापमान ३७.८ अंश सेल्सिअस आणि वेळ ३ मिनिटे १५ सेकंद असावी लागते. त्यात थोडाही फरक पडला तरी रंग बिघडतो. म्हणून रोज सकाळी गिऱ्हाइकाचा पहिला रोल यंत्रात घालण्यापूर्वी कंट्रोल स्ट्रिप, म्हणजे चाचणीची फिल्मपट्टी, धुवायची, डेन्सिटोमीटर या गडदपणा मोजणाऱ्या उपकरणावर तिचे आकडे घ्यायचे, ते तक्त्यावर मांडायचे आणि आकडे मर्यादेबाहेर असतील तर काम सुरूच करायचे नाही, असा शिरस्ता होता. रोल कमी येऊ लागले की टाकीत ताजे रसायन कमी जाते, जुने हवेने खराब होते आणि तक्त्यावरची रेघ हळूहळू सरकू लागते. धंदा बसतो आहे हे मालकांच्या हिशेबाच्या वहीत दिसण्याआधी मला त्या रेघेत दिसले होते.

२०१२ च्या जानेवारीत फिल्म बनवणाऱ्या कोडॅक कंपनीने दिवाळखोरीच्या कायद्याखाली संरक्षण मागितले, तेव्हा आमच्याकडे दुसरा विषय नव्हता. पुढच्या वर्षी व्यवस्थापनाने एका सल्लागाराला आणले आणि त्या गृहस्थाने बोलायला सुरुवात केली ती नेमकी तिथूनच. डिजिटल कॅमेरा १९७५ मध्ये कोडॅकच्याच स्टीव्हन सॅसन या अभियंत्याने तयार केला होता आणि तरीही कंपनी फिल्मला चिकटून राहिली, ही हकीकत त्याने फार रंगवून सांगितली. ती खरी होती. त्यामुळे त्यानंतर त्याने जे सांगितले तेही खरेच असणार, असे आम्ही धरून चाललो. लॅब बंद होणार, पण तीन महिन्यांत डिजिटल छपाईचे नवे युनिट सुरू होणार आणि जे आज ‘सहकार्य’ करतील त्यांना तिथे आधी घेतले जाणार, असे त्याचे म्हणणे होते. ‘कपात’ हा शब्द त्याने एकदाही उच्चारला नाही.

नंतर आम्हाला एकेकाला खोलीत बोलावण्यात आले. हा तपशील मी मुद्दाम सांगतो, कारण आम्ही सगळे एकत्र बसलो असतो तर कोणीतरी नक्कीच एखादा अडचणीचा प्रश्न विचारला असता. टेबलावर दोन कागद होते. पहिला टाइप केलेला राजीनामा; त्यात ‘घरगुती अडचणींमुळे’ मी स्वखुशीने नोकरी सोडत असल्याचे लिहिले होते. माझ्या घरी तेव्हा कसलीही अडचण नव्हती. दुसरा कागद अंतिम हिशेबाचा होता आणि त्याखाली ‘माझे कोणतेही येणे बाकी नाही’ अशी ओळ होती. तारखेच्या जागी दोन्हींवर नुसत्या टिंबांची रेघ होती. मी विचारले, “तारीख कोणती घालू?” सल्लागार हसून म्हणाला, “ती आम्ही घालू, साहेब. सगळ्यांची एकच पडली पाहिजे ना!” मला साहेब म्हणणारा तो त्या इमारतीतला पहिलाच माणूस होता. मी दोन्ही कागदांवर सही केली. रोज सकाळी सूतभर सरकलेल्या रेघेसाठी यंत्र थांबवणाऱ्या मला त्या कागदांची प्रत मागण्याचेही सुचले नाही.

माझ्यानंतर आत गेलेल्या बाई मागच्या खोलीत रसायने मिसळण्याचे काम करीत. आम्ही सगळे त्यांना ताई म्हणत असू. त्या पाच मिनिटांत बाहेर आल्या. सही केली का, असे मी विचारले तेव्हा म्हणाल्या, “मला नोकरी सोडायचीच नाही, तर राजीनामा कशाला देऊ? काढायचं असेल तर यांनी काढावं, आणि तसं लिहून द्यावं.” मला तेव्हा त्यांची कीव आली, नव्या युनिटमधली जागा या हट्टापायी घालवून बसणार, असे वाटले.

लॅब बंद होत असल्याची नोटीस काही आठवड्यांनी लागली. सोबत कपात झालेल्यांची यादी होती आणि तिच्यात ज्यांनी सही केली नव्हती अशा चौघांची नावे होती. त्यांना नोटिशीच्या मुदतीचा पगार मिळाला आणि नोकरीच्या वर्षांच्या हिशेबाने भरपाईही मिळाली. माझे नाव यादीत का नाही, याचे उत्तर मागायला गेलो तेव्हा कारकुनाने माझा राजीनामा समोर ठेवला. टिंबांच्या रेघेवर, माझ्या नसलेल्या अक्षरात, नोटिशीच्या ११ दिवस आधीची तारीख होती. कागदोपत्री पाहता लॅब बंद होणार हे जाहीर होण्यापूर्वीच मी आपण होऊन निघून गेलो होतो.

राजीनामा देणारा स्वतः जातो आणि कपातीत मालक काढतो. ऐकायला हा फरक शब्दांचा वाटतो, पण सगळा पैसा त्या फरकातच असतो. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९८२ च्या १५८ क्रमांकाच्या करारात नोकरीवरून काढण्यासाठी योग्य कारण, पुरेशी पूर्वसूचना आणि भरपाई किंवा बेकारीचा लाभ यांची तरतूद आहे. प्रत्येक देशाचा कायदा वेगळा असला तरी असे संरक्षण जिथे आहे तिथे ते काढल्या गेलेल्या माणसासाठी असते. ‘स्वखुशीने’ या एका शब्दाखाली सही करून मी त्या संरक्षणाच्या बाहेर जाऊन उभा राहिलो होतो.

एवढ्यावर थांबलो असतो तरी ठीक होते. नव्या युनिटसाठी डिजिटल छपाईचे प्रमाणपत्र लागेल, असे सांगून सल्लागाराने आमची नावे एका प्रशिक्षण संस्थेत घातली होती आणि तिची फी आमच्या अंतिम हिशेबातून परस्पर वळती केली होती. सहा आठवड्यांच्या त्या वर्गात छायाचित्रे सुधारण्याच्या सॉफ्टवेअरचा जो भाग शिकवला तो मदतीच्या पानांवर फुकट वाचायला मिळतो. प्रमाणपत्रासोबत एक ‘नियुक्तिपत्र’ मिळाले. त्यावर पदाचे नाव होते, पण रुजू होण्याची तारीख आणि पगाराचा आकडा नव्हता. तीन महिन्यांचे पाच झाले तेव्हा मी संस्थेत गेलो. दाराला कुलूप होते आणि नावाची पाटी काढल्यावर राहिलेली चार भोके भिंतीत दिसत होती. नवे युनिट कधीच निघाले नाही. नोकरी मिळवून देणाऱ्या खाजगी संस्थांनी कामगाराकडून प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष फी घेऊ नये, हे तत्त्व त्याच कामगार संघटनेच्या १९९७ च्या १८१ क्रमांकाच्या करारात आहे. अपवाद आहेत, पण ते मोजके आणि जाहीर केलेले असावे लागतात. हे मी नंतर वाचले.

यानंतर एकाचा फोन आला. त्याच्याकडे आम्हा सर्वांची नावे आणि नोकरीची वर्षेही होती. अडकलेली भरपाई सोडवून देतो, आधी थोडे ‘प्रक्रिया शुल्क’ भरा, असे तो म्हणाला. यादी त्याला कोठून मिळाली असेल हे उघड होते. मी फोन ठेवला. दोन सहकाऱ्यांनी पैसे भरले आणि दुसऱ्या दिवसापासून तो क्रमांक बंद झाला. एकदा फसलेल्यांची यादी हीसुद्धा विकायची वस्तू असते.

इतका शिकलेला, अनुभवी माणूस सही करतोच कसा, असे लोक मला अजून विचारतात. मला वाटते, भीतीपेक्षा शरमेने घात केला. घरी ‘मला काढले’ असे सांगण्यापेक्षा ‘मी सोडली, नवीन ठिकाणी जातोय’ असे सांगणे सोपे होते आणि हे सोयीचे वाक्य त्या सल्लागाराने आमच्या हाती आयते दिले होते. माझी बायको मात्र ते ऐकून एवढेच म्हणाली होती, “कागद दाखव.” दाखवायला माझ्याजवळ काही नव्हते.

तक्रार करताना उपयोगी पडली ती फेकून द्यायला काढलेली कागदपत्रे. कंट्रोल स्ट्रिपच्या तक्त्यावर रोज तारीख आणि माझी आद्याक्षरे असत. ताईंनी शेवटच्या महिन्याचे तक्ते रद्दीत जाऊ दिले नव्हते. राजीनाम्यावरील तारखेनंतरच्या नऊ दिवसांचे आकडे त्यांवर माझ्या हातचे होते. निघून गेलेला माणूस रोज सकाळी यंत्र कसे तपासत होता, या प्रश्नाला समोरच्या बाजूकडे उत्तर नव्हते. अंतिम हिशेबाची स्लिप बँकेने मागितल्यामुळे घेतलेली होती. तीत ‘प्रशिक्षण’ या नावाखाली कापलेली रक्कम स्पष्ट दिसत होती, त्यामुळे त्या संस्थेशी आपला संबंध नाही असे व्यवस्थापनाला म्हणता आले नाही.

दीड वर्षाने तडजोड झाली. प्रशिक्षणाची फी पूर्ण परत मिळाली, भरपाई ताईंना मिळाली त्याच्या निम्म्याहून कमी. तडजोडीचा मसुदा समोर आला तेव्हा तारखेच्या जागी पुन्हा टिंबांची रेघ होती. मी खिशातून पेन काढून आधी ती भरली, मग प्रत मागितली आणि प्रत हातात पडल्यावर सही केली.