ईपीएबीएक्स जुनंच, ट्रंक नवी: व्हॉइस गेटवेसोबतचे दहा महिने

पीआरआय लाइन (टेलिफोन कंपनीची एका केबलमधून अनेक कॉल नेणारी डिजिटल लाइन) बंद करून एसआयपी ट्रंक (इंटरनेटवरून येणारी टेलिफोन जोडणी) घ्यायचं ठरलं, तेव्हा ऑफिसातलं जुनं ईपीएबीएक्स, म्हणजे आतले फोन एकमेकांना आणि बाहेरच्या लाइनला जोडणारं यंत्र, काढायला कोणीच तयार नव्हतं. साठेक एक्स्टेन्शन, भिंतींतून गेलेल्या वायरी आणि सगळ्यांना पाठ झालेले तीन आकडी नंबर. म्हणून मधे व्हॉइस गेटवे, म्हणजे या दोन पद्धतींमध्ये दुभाष्याचं काम करणारा डबा, बसवला. त्याच्या एका बाजूला ई१ पोर्ट (पीआरआयची केबल लागते ती जागा), दुसऱ्या बाजूला इथरनेट. ईपीएबीएक्सला वाटतं समोर अजून तीच पीआरआय आहे, आणि ट्रंकवाल्याला दिसतं एक साधं एसआयपी यंत्र. गेटवेच्या कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही. खालच्या निम्म्या तक्रारी या जातीच्या कुठल्याही डब्याला लागू पडतील.

केबल लावली, ट्रंकचं युजरनेम-पासवर्ड भरलं, रजिस्ट्रेशन (ट्रंकवाल्याकडे गेटवेची नोंद) हिरवं झालं. अर्धा तास लागला असेल. मी खूश. पुढचे तीन आठवडे त्या खुशीची फेड करण्यात गेले.

पहिली गोष्ट घड्याळाची. ई१ वर सेकंदाला ८००० फ्रेम (आवाजाच्या डेटाचे ठरावीक तुकडे) धावतात आणि दोन्ही टोकांनी एकाच ठोक्यावर चालावं लागतं. पूर्वी हा ठोका टेलिफोन एक्स्चेंजकडून यायचा, ईपीएबीएक्स तो निमूट पाळायचं. आता एक्स्चेंजच्या जागी गेटवे आला, पण त्याची मूळ सेटिंगही 'क्लॉक लाइनवरून घ्या' अशीच. दोघंही एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसलेले. गंमत म्हणजे कॉल लागतात, बोलणंही होतं, फक्त अधूनमधून 'टक्' असा आवाज येतो. तो टक् म्हणजे स्लिप: ठोका चुकला की एखादी फ्रेम गळते किंवा दोनदा वाजते. माणसाच्या कानाला त्याचं फारसं काही नाही, फॅक्सला मात्र तेवढंही पुरतं. आमचा फॅक्स पहिलं पान व्यवस्थित पाठवायचा आणि दुसऱ्या-तिसऱ्या पानावर मान टाकायचा. मी आठवडाभर फॅक्स मशीनलाच दोष देत होतो. मग गेटवेच्या ई१ स्टेटस पानावर तळाशी 'स्लिप' नावाचा काउंटर दिसला, आणि तो दर थोड्या वेळाने एकेकाने वाढत होता. गेटवेचं क्लॉक 'इंटर्नल' केलं, काउंटर शून्यावर आणला. तिथून आजवर तो हललेला नाही. आयएसडीएनची (पीआरआयवर कॉल जोडायच्या पद्धतीची) 'नेटवर्क' बाजूही गेटवेकडेच द्यावी लागते आणि ईपीएबीएक्स 'युजर' राहतं. हे सुदैवाने आधीच नीट झालं होतं, कारण ते उलटं असलं तर एकही कॉल लागत नाही आणि चूक लगेच कळते.

दुसरी गोष्ट ज्याच्यासाठी हा सगळा लेख लिहितोय. रिसेप्शनवरच्या ताई रोज सांगायच्या, "सर, बाहेरून आलेले फोन मधेच कट होतात." कधी होतात म्हटलं तर "बोलायला लागलं की." शेवटी एकदा मोबाइलवरून स्वतः फोन केला आणि स्टॉपवॉच लावलं. ३२ सेकंद. पुन्हा केला, पुन्हा ३२. आपण केलेले कॉल मात्र तासभर चालायचे.

गेटवेवरून पॅकेट कॅप्चर (येणाऱ्या-जाणाऱ्या डेटाची नोंद) घेऊन ते वायरशार्क या ते वाचायच्या प्रोग्राममध्ये उघडलं. टेलिफोनी मेनूत व्हॉइप कॉल्स, तिथून फ्लो सिक्वेन्स. चित्र स्वच्छ होतं. ट्रंककडून इन्व्हाइट (कॉल जोडायची मागणी) येतो, गेटवे १८० रिंगिंग (घंटी वाजतेय) पाठवतो, फोन उचलला की २०० ओके. यावर समोरून एसीके ('मिळालं' अशी पोच) यायला हवा, तो येतच नाही. गेटवे बिचारा तोच २०० ओके पुन्हा पुन्हा पाठवत राहतो आणि ३२ सेकंदांनी कंटाळून कॉल तोडतो. हा आकडा आरएफसी ३२६१ या एसआयपीच्या प्रमाण दस्तऐवजातलाच आहे: मूळ टायमर अर्ध्या सेकंदाचा, त्याची ६४ पट.

एसीके गेला कुठे? २०० ओकेमधली कॉन्टॅक्टची (पुढचे मेसेज कुठे पाठवायचे ते सांगणारी) ओळ वाचली आणि डोक्यावर हात मारून घेतला. तिथे १९२.१६८ ने सुरू होणारा, फक्त ऑफिसच्या नेटवर्कपुरता चालणारा आमचा आतला पत्ता होता. ट्रंकवाला त्या पत्त्यावर इमानेइतबारे एसीके पाठवत होता, तो कुठेच पोचत नव्हता. मग आवाज दोन्हीकडून ठणठणीत कसा येत होता? कारण राउटरमध्ये एसआयपी एएलजी (एसआयपी मेसेजमधले पत्ते आपणहून बदलणारी सोय) चालू होतं. त्याने एसडीपीतला (मेसेजच्या आवाज कुठे पाठवायचा ते सांगणाऱ्या भागातला) पत्ता बदलून बाहेरचा टाकला होता, म्हणून आरटीपी, म्हणजे प्रत्यक्ष आवाजाचा डेटा, बरोबर पोचायचं. कॉन्टॅक्टला मात्र त्याने हात लावला नव्हता. अशा अर्धवट शहाण्यापेक्षा काहीच न करणारा राउटर परवडला. एएलजी बंद केलं, गेटवेमध्ये आमचा सार्वजनिक आयपी हाताने भरला, आणि त्या दिवसापासून ३२ सेकंदांची तक्रार गेली.

या एका प्रकारानंतर गेटवे निवडण्याबद्दल माझं मत बदललं. पोर्ट किती, कोडेक (आवाजाचं डिजिटल रूप करायच्या पद्धती) किती, हे सगळ्यांच्या माहितीपत्रकात सारखंच असतं. डब्यावरूनच थेट कॅप्चर घेता येतं का आणि लॉगमध्ये पूर्ण एसआयपी मेसेज दिसतो का, हे आधी विचारा. आमच्याकडे दोन्ही होतं, म्हणून निभावलं. वेब पान दर पाच मिनिटांनी लॉगआउट करतं आणि अर्धवट भरलेला फॉर्म गिळून टाकतं, तरी या दोन सोयींमुळेच मी या डब्याला माफ करतो.

डीटीएमएफचा (बटण दाबल्यावर जाणाऱ्या सुरांचा) घोळ छोटा पण चिडचिडीचा. बँकेच्या स्वयंचलित मेनूत अकाउंट्सचे काका १ दाबायचे, तिकडे ११ पोचायचं. गेटवे आकड्याचा सूरही आवाजातून पाठवत होता आणि टेलिफोन-इव्हेंट, म्हणजे वेगळं डेटा पॅकेट, म्हणूनही. फक्त आरएफसी २८३३ (टेलिफोन-इव्हेंटची पद्धत) ठेवलं, पेलोड टाइप (त्या पॅकेटांचा ओळख-क्रमांक) ट्रंकवाल्याशी जुळवून १०१ केला, संपलं.

डायल प्लॅनमध्ये (फिरवलेला नंबर पुढे कसा पाठवायचा त्या नियमांत) मात्र संयम लागतो. आमचं ईपीएबीएक्स एकेक आकडा सोडतं, एसआयपीला पूर्ण नंबर एकदम हवा असतो. नंबर संपला हे ठरवायला गेटवे काही सेकंद वाट बघतो आणि तोवर लोकांना वाटतं फोन मेला. वेळ कमी केला तर सावकाश डायल करणाऱ्यांचे अर्धेच नंबर पुढे जातात आणि ४०४ ('सापडत नाही') येतो. मी नंबरच्या लांबीप्रमाणे नियम लिहिले, म्हणजे आकडे पुरे झाले की लगेच कॉल सुटतो. ट्रंकवाल्याला नंबर प्लस आणि देशाचा कोड लावून हवा होता, तो बदलही तिथेच केला.

बँडविड्थची भीती अनाठायी होती. जी.७११ या कोडेकचा एक कॉल इथरनेटवर प्रत्येक दिशेला साधारण ८७ केबीपीएस घेतो, म्हणजे आमच्या दहा चॅनेलना एक एमबीपीएसही पुरतं. कमी बँडविड्थ घेणाऱ्या जी.७२९ कोडेकच्या वाटेला गेलोच नाही.

सुरक्षेत हयगय नको. एसआयपीचा नेहमीचा ५०६० पोर्ट जगाला उघडा ठेवून मी एक रात्र घरी गेलो. सकाळी लॉग अनोळखी पत्त्यांवरून आलेल्या रजिस्टर आणि इन्व्हाइटनी भरलेला, कित्येकांचं युजर एजंट (पाठवणाऱ्या प्रोग्रामचं नाव) 'फ्रेंडली-स्कॅनर'. नावातच काय ते फ्रेंडली. एखादा इन्व्हाइट आत शिरून परदेशी नंबर फिरवायला लागला, तर बिल आपल्यालाच येतं. आता फक्त ट्रंकवाल्याचे आयपी आत येतात आणि आंतरराष्ट्रीय कॉल दोनच एक्स्टेन्शनना.

एक राहिलंच: गेटवे, राउटर आणि स्विच, तिन्ही यूपीएसवर घ्या. आम्ही स्विच विसरलो होतो. वीज गेली तेव्हा गेटवेचे दिवे छान लुकलुकत होते आणि फोन बंद.

फॅक्स अजून पूर्ण सुटलेला नाही. स्लिप थांबल्यावर छोटे फॅक्स जायला लागले. टी.३८ (इंटरनेटवरून फॅक्स पाठवायची पद्धत) चालू केलं तर काही नंबरांवर समोरून ४८८ ('हे चालणार नाही') येतो आणि कॉल तिथेच संपतो. बंद करून जी.७११ वरून पाठवलं तर दहा पानांपुढे भरवसा नाही. शेवटी फॅक्ससाठी एक जुनी ॲनालॉग लाइन परत मागवली. ती गेटवेला जोडलेलीच नाही.